साहित्यातील संज्ञा आणि अलंकार : व्याख्या पाठ न करता ओळखायचे कसे?

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचून झाल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी जमल्या पाहिजेत.

१. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना यांतील फरक रोजच्या बोलण्यातील उदाहरणांनी सांगणे.
२. उपमेचे चार अवयव ओळखणे आणि त्यांवरून उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती, अतिशयोक्ती हे अलंकार वेगळे करणे.
३. ‘सारखा’, ‘जणू’ अशा खुणेच्या शब्दांवर विसंबून होणारा गोंधळ टाळणे.
४. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या लेखनातील रूपके ओळखून ती कुठपर्यंत खरी धरायची हे ठरवणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, अलंकार म्हटले की बहुतेकांना शाळेतला व्याकरणाचा तास आठवतो. प्रत्येक अलंकाराची एक व्याख्या आणि प्रत्येक व्याख्येला एक ठरलेले उदाहरण. परीक्षेत तेच उदाहरण आले की गुण मिळतात, नवे वाक्य आले की पंचाईत होते. याचे कारण सोपे आहे. आपण व्याख्या पाठ केलेली असते, पण ती व्याख्या वाक्यावर लावून पाहण्याची कृती केलेली नसते.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे सूत्र पाठ असले तरी चालत नाही. त्यातील प्रत्येक चिन्ह कशासाठी उभे आहे आणि सूत्र कोणत्या अटींत लागू पडते, हे सांगता यावे लागते. साहित्यातील संज्ञांनाही हीच शिस्त लावता येते. ‘रूपक’ ही संज्ञा वाक्यावर चिकटवायची चिठ्ठी नाही. वाक्यातील दोन गोष्टींमध्ये लेखकाने कोणते नाते जोडले आहे आणि ते किती घट्ट जोडले आहे, याचे ते नाव आहे. नाते तपासायला शिकलात, तर नाव आपोआप सापडते.

हे कौशल्य कवितेपुरते उपयोगाचे नाही. तुम्ही वाणिज्य शिकत असा, विज्ञान शिकत असा वा संगणकशास्त्र, तुमच्या पाठ्यपुस्तकांत आणि प्रकल्प अहवालांत रूपके भरलेली आहेत. ती ओळखता आली नाहीत तर काय होते, ते आपण सातव्या भागात पाहणार आहोत.

२. शब्द अर्थ कसा देतो? तीन शक्ती

भारतीय साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. कोणताही अलंकार समजून घेण्याआधी या तिन्ही स्पष्ट असाव्या लागतात.

*अभिधा.* शब्दाचा सरळ, कोशातला अर्थ देणारी शक्ती. ‘टेबलावर पुस्तक आहे’ या वाक्यात प्रत्येक शब्द आपला नेहमीचा अर्थ देतो. या अर्थाला वाच्यार्थ म्हणतात.

*लक्षणा.* सरळ अर्थ घेतला तर वाक्य जुळत नाही, म्हणून त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घ्यावा लागतो. जेवताना आई म्हणते, ‘ताट संपव.’ ताट कोणी खात नाही. ताटातले अन्न संपवायचे असते. आगगाडीत शेजारचा प्रवासी म्हणतो, ‘चला, नाशिक आलं.’ नाशिक जागचे हललेले नाही. आपण तिथे पोहोचलो आहोत. ‘सगळा वर्ग हसला’ या वाक्यात भिंती आणि बाकडी हसत नाहीत.

अकराव्या शतकातील मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या आहेत. पहिली, मूळ अर्थाला बाध आला पाहिजे, म्हणजे तो जुळता कामा नये. दुसरी, नवा अर्थ मूळ अर्थाशी संबंधित असला पाहिजे. तिसरी, असे बोलण्यामागे रूढी किंवा काही प्रयोजन असले पाहिजे. ‘ताट संपव’ला या अटी लावून पाहा. ताट खाता येत नाही, ही बाधा. ताट आणि अन्न यांत आधार आणि त्यावर ठेवलेली वस्तू हा संबंध. आणि असे बोलण्याची रूढी. तिन्ही अटी पूर्ण होतात.

*व्यंजना.* इथे सरळ अर्थ व्यवस्थित जुळतो, तरी त्याच्यामागून आणखी एक अर्थ सुचतो. शेवटच्या तासाला मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणते, ‘साडेपाच वाजले.’ वाक्य खरे आहे, घड्याळात तेवढेच वाजलेले आहेत. पण शिक्षकांना जे ऐकू जाते ते ‘आता सोडा’ असे असते. हेच वाक्य रुग्णालयाबाहेर वाट पाहणारा माणूस म्हणाला तर त्यातून काळजी सुचेल, स्वयंपाकघरात म्हटले तर चहाची आठवण. शब्द तेच, पण बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग बदलला की व्यंग्यार्थ बदलतो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात अशा सुचलेल्या अर्थालाच, म्हणजे ध्वनीला, काव्याचा आत्मा मानले.

एक कसोटी लक्षात ठेवा. सरळ अर्थ *अडला* तर लक्षणा. सरळ अर्थ *न अडता* आणखी काही सुचले तर व्यंजना.

३. उपमेचे चार अवयव

भरताच्या नाट्यशास्त्रात फक्त चार अलंकार आहेत : उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे ही संख्या वाढत गेली आणि सोळाव्या शतकातील अप्पय दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ती शंभराच्या वर पोहोचली. ही संख्या पाहून घाबरू नका. यांतील पुष्कळसे अलंकार एकाच सांगाड्यावर उभे आहेत आणि तो सांगाडा उपमेचा आहे. उपमेचे महत्त्व केवळ संस्कृत परंपरेने ओळखले असेही नाही. ‘तोलकाप्पियम’ या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथात उपमेसाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

हे वाक्य घ्या.

> वेशीवरचा वड आजोबांसारखा साऱ्या गावावर सावली धरून उभा आहे.

यात चार भाग आहेत.

- उपमेय : ज्याच्याविषयी बोलायचे आहे ते. इथे वड.
- उपमान : ज्याच्याशी तुलना केली ते. इथे आजोबा.
- साधारण धर्म : दोघांत असलेला समान गुण. इथे सावली धरणे.
- साम्यवाचक शब्द : तुलना उघड करणारा शब्द. इथे ‘सारखा’.

चारही भाग हजर असतील तर ती पूर्णोपमा. एखादा भाग गाळला असेल तर ती लुप्तोपमा. ‘वेशीवरचा वड आजोबांसारखा आहे’ एवढेच म्हटले की साधारण धर्म गायब होतो. आता वाचक विचार करतो : कशात सारखा? सावलीत? वयात? पारंब्यांच्या दाढीत? सगळ्यांचे ऐकून घेण्यात? जे गाळले ते वाचकाने भरायचे असते, आणि कवितेत त्या भरण्यातच गंमत असते. लुप्तोपमेची ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे अहवालांविषयी बोलताना तिची गरज पडेल.

४. एक वड, अनेक अलंकार

आता हाच वड आणि हेच आजोबा घेऊन आपण वाक्य थोडे थोडे बदलत जाऊ. उपमेय आणि उपमान यांच्यातले अंतर कसे कमी होत जाते, तिकडे लक्ष द्या.

*उपमा.* ‘वड आजोबांसारखा आहे.’ दोन वस्तू वेगळ्या आहेत आणि त्यांत साम्य आहे, एवढेच वाक्य म्हणते.

*उत्प्रेक्षा.* ‘वेशीवरचा वड म्हणजे जणू गावाचे आजोबाच.’ इथे बोलणारा एक पाऊल पुढे गेला. वड आजोबाच असावा अशी तो कल्पना करतो, पण ‘जणू’ म्हणून ही कल्पना असल्याचे कबूलही करतो.

*रूपक.* ‘वेशीवरचा वड हे गावाचे आजोबा आहेत.’ कबुली गेली. दोन्ही एकच आहेत असे वाक्य सांगते. याला अभेद म्हणतात. दोन्ही नावे मात्र वाक्यात अजून हजर आहेत.

*अपन्हुती.* ‘वेशीवर उभे आहे ते झाड नव्हेच, ते गावाचे आजोबा आहेत.’ आता उपमेय स्पष्टपणे नाकारले गेले.

*अतिशयोक्ती.* ‘रस्ता रुंद करताना गावाचे आजोबा तोडले गेले.’ इथे वडाचे नावच नाही. उपमानाने उपमेय गिळून टाकले आहे, आणि तरी वाचकाला काय तोडले गेले ते कळते. शाळेत अतिशयोक्ती म्हणजे ‘फुगवून सांगणे’ एवढेच शिकवले जाते. संस्कृत साहित्यशास्त्रात उपमेय असे गिळले जाणे हाही अतिशयोक्तीचाच एक महत्त्वाचा प्रकार आहे.

पाचही वाक्ये एकामागून एक पुन्हा वाचा. माहिती जवळजवळ सारखी आहे. तरी पहिल्या वाक्याने कोणी अस्वस्थ होत नाही आणि शेवटच्या वाक्याने होतो. झाड तोडल्याची बातमी आणि आजोबा तोडल्याची बातमी यांत जो फरक आहे, तो उपमेयाचे नाव काढून टाकल्याने निर्माण झाला. अलंकार वाक्याला दागिन्यासारखा वरून घातला जातो, ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते. अलंकार बदलला की वाक्याचा दावा बदलतो आणि वाचकावर पडणारा भारही बदलतो.

याच सांगाड्यावरचे आणखी काही अलंकार थोडक्यात पाहू.

- *व्यतिरेक* : ‘आजोबांची सावली घरापुरती, या वडाची साऱ्या गावाला पुरते.’ उपमेय उपमानापेक्षा वरचढ ठरते.
- *अनन्वय* : ‘या वडासारखा हाच वड.’ उपमान सापडतच नाही, म्हणून उपमेयाची तुलना त्याच्याशीच केली जाते.
- *ससंदेह* : ‘संधिप्रकाशात कळेना, या पारंब्या की आजोबांची दाढी?’ दोन्हींत निर्णय होत नाही.
- *भ्रांतिमान* : ‘अर्धवट झोपेतल्या नातवाने दाढी समजून पारंबीच ओढली.’ निर्णय होतो, पण चुकीचा.
- *चेतनगुणोक्ती* : ‘कुऱ्हाड पडत होती तरी वड कोणाला काही बोलला नाही.’ निर्जीव वस्तूला किंवा वनस्पतीला माणसासारखे वागवले जाते. उपमान (माणूस) वाक्यात नावाने येत नाही, त्याची कृती तेवढी येते.

ससंदेह आणि भ्रांतिमान यांत विद्यार्थी हमखास गोंधळतात. उत्प्रेक्षेत बोलणाऱ्याला खरे काय ते माहीत असते. ससंदेहात पाहणारा दोन शक्यतांत अडकतो. भ्रांतिमानात तो चुकीची शक्यता खरी धरून *कृती करून बसतो*. ‘कोणाला किती माहीत आहे?’ हा प्रश्न विचारला की तिन्ही वेगळे होतात.

५. खुणेचे शब्द आणि त्यांचा फसवा आधार

‘सारखा दिसला की उपमा, जणू दिसले की उत्प्रेक्षा’ असे सोपे सूत्र अनेक मार्गदर्शकांत दिलेले असते. ते अर्धेच खरे आहे. पुढील वाक्ये पाहा.

(अ) ‘तो वर्गात सारखा बोलतो.’ इथे ‘सारखा’ म्हणजे सतत. तुलना नाहीच.

(आ) ‘माझा मोबाइल तुझ्या मोबाइलसारखा आहे.’ तुलना आहे, पण एकाच जातीच्या दोन वस्तूंची. ही माहिती झाली, अलंकार नव्हे.

(इ) ‘तांब्यासारखे अ‍ॅल्युमिनियमही विजेचे सुवाहक आहे.’ चारही अवयव मोजता येतात : उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द. तरीही ही उपमा अलंकार नाही, कारण साम्य प्रयोगशाळेत मोजता येण्यासारखे, शब्दशः खरे आहे. त्यात कल्पनेला काही काम नाही.

(ई) ‘परीक्षेचा निकाल म्हणजे ढगफुटी.’ खुणेचा एकही शब्द नाही, तरी रूपक आहे.

म्हणून नवे वाक्य समोर आले की खुणेचा शब्द शोधण्याऐवजी पुढील चार प्रश्न याच क्रमाने विचारा.

१. वाक्यात दोन वेगळ्या जातींच्या गोष्टी एकत्र आणल्या आहेत का?
२. त्यांतील कोणती खरोखर प्रसंगात हजर आहे (उपमेय) आणि कोणती कल्पनेने आणली आहे (उपमान)?
३. वाक्य दोघांना किती जवळ आणते? सारखे म्हणते, जणू म्हणते, एकच म्हणते, की एकीला नाकारते?
४. चारपैकी कोणता अवयव गाळला आहे आणि त्याने काय साधले?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहिणारा विद्यार्थी आणि नुसते ‘रूपक अलंकार’ लिहिणारा विद्यार्थी यांच्या उत्तरपत्रिकांत फरक दिसतोच.

शब्दालंकारांविषयी इथे दोनच ओळी पुरेत. अनुप्रास, यमक आणि श्लेष यांचा आधार शब्दाच्या रूपात असतो. कसोटी अशी : शब्दाच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द ठेवा. चमत्कृती नाहीशी झाली तर शब्दालंकार. टिकली तर अर्थालंकार. ‘वडाचे आजोबा’ऐवजी ‘वटवृक्ष हे गावाचे पितामह’ म्हटले तरी रूपक टिकते. ‘घराण्याचा *सूर* हरपला, कोणाला गाण्याचा वाटला, कोणाला बोलण्याचा’ या वाक्यातला श्लेष मात्र ‘सूर’ बदलला की मोडतो.

६. भाषा बदलली की संज्ञाही बदलते

हा पाठ देशभरातले विद्यार्थी वाचतात. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत हिंदी, कन्नड, गुजराती किंवा दुसऱ्या भाषेतून साहित्य शिकलेले असेल. त्यांनी काही जोड्या लक्षात ठेवाव्यात.

मराठीत जिला चेतनगुणोक्ती म्हणतात, तिला हिंदीत मानवीकरण म्हणतात. मराठीतील अपन्हुती ही संस्कृत-हिंदीतील अपह्नुती. इंद्रियांना जाणवेल असे शब्दचित्र, यासाठी मराठी समीक्षक ‘प्रतिमा’ म्हणतात. हिंदी समीक्षक ‘बिंब’ म्हणतात. हिंदी भाषक विद्यार्थी ‘प्रतिमा’ वाचून मूर्ती समजला तर त्यात त्याचा दोष नाही. मराठीत आणि कन्नडमध्ये दीर्घ कथनात्मक गद्यकृतीला ‘कादंबरी’ म्हणतात, हिंदी आणि बंगालीत ‘उपन्यास’, गुजरातीत ‘नवलकथा’. यांपैकी ‘कादंबरी’ हे नाव सातव्या शतकातील बाणभट्टाच्या एका संस्कृत गद्यकृतीचे. एका ग्रंथाच्या नायिकेचे नाव संपूर्ण साहित्यप्रकाराला मिळाले. लक्षणेचे इतके मोठे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

भाषा तीच असूनही संज्ञेचे दोन अर्थ असू शकतात. ‘रूपक’ हा अलंकार आहे, आणि नाट्यशास्त्रात नाटकाच्या प्रकारांनाही रूपक म्हणतात. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या ग्रंथाचा विषय नाटक आहे, अलंकार नव्हे. ‘वक्रोक्ती’ हा एक अलंकार आहे, आणि कुंतकाच्या विचारात तीच संपूर्ण काव्याचा प्राण आहे. संज्ञा वाचली की ती कोणत्या चौकटीत वापरली आहे हे आधी पाहावे.

संज्ञांचा हा प्रवास एकमार्गी नाही. दंडीचा ‘काव्यादर्श’ संस्कृतातला, पण त्याच्या आधाराने नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारात कन्नडमधील ‘कविराजमार्ग’ रचला गेला, आणि तमिळमध्येही दंडीच्या नावाने अलंकारग्रंथ तयार झाला. दोन्ही ठिकाणी आपापल्या भाषेतील कवितेसाठी त्या संज्ञा पुन्हा तपासून घ्याव्या लागल्या. तुम्हीही तेच करत आहात.

७. तंत्रज्ञानाच्या भाषेतील रूपके

आता आपल्या क्षेत्राकडे येऊ. ‘बाटलीचे तोंड’, ‘करवतीचे दात’, ‘नारळाचे डोळे’ असे शब्दप्रयोग इतके रुळले आहेत की ती रूपके आहेत हे आपण विसरलो. शास्त्रातही असेच घडते. नवी गोष्ट सापडते, तिला नाव नसते, म्हणून जुन्या गोष्टीचे नाव दिले जाते. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात बुचाच्या कापातील कप्प्यांना खोल्यांवरून ‘सेल’ म्हटले. बेंजामिन फ्रँकलिन यांनी विद्युतभार साठवणाऱ्या बरण्यांच्या जोडणीला तोफांच्या रांगेवरून ‘बॅटरी’ म्हटले. आज आपण मोबाइलची बॅटरी संपली म्हणतो तेव्हा तोफ कोणाच्या मनात येत नाही.

रूपक रुळले तरी ते काम करतच राहते, आणि म्हणूनच त्याची हद्द माहीत असावी लागते. विजेच्या ‘प्रवाहा’चे उदाहरण घ्या. पाण्याच्या नळाशी तुलना करून आपण विद्युतदाब म्हणजे पाण्याचा दाब, प्रवाह म्हणजे वाहणारे पाणी आणि रोध म्हणजे अरुंद नळी असे शिकवतो. ओमचा नियम समजायला हे पुरते. पण नळ मध्येच कापला तर पाणी बाहेर सांडते. तार कापली तर वीज सांडत नाही, मंडल तुटते आणि प्रवाह थांबतो. साधारण धर्म काही बाबतींत आहे, सगळ्या बाबतींत नाही. याच रूपकात फ्रँकलिन यांच्या काळी धन आणि ऋण ठरले. इलेक्ट्रॉनचा शोध लागला तो १८९७ साली, जे. जे. थॉमसन यांच्या प्रयोगांतून. तारेत इलेक्ट्रॉन ज्या दिशेने सरकतात, त्याच्या उलट दिशा आपण आजही प्रवाहाची दिशा म्हणून मंडलाच्या आकृतीत काढतो.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. धातूवर पुन्हा पुन्हा भार पडला की तो त्याच्या नेहमीच्या ताकदीपेक्षा कितीतरी कमी भारालाही तुटू शकतो. या घटनेला इंग्रजीत ‘फटीग’ म्हणजे थकवा असे नाव पडले. ही उघड चेतनगुणोक्ती आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी दीर्घकाळ चाचण्या करून या घटनेचा पद्धतशीर अभ्यास केला. रूपक एका बाजूने अगदी योग्य आहे : एका फटक्याने न तुटणारी वस्तू हजारो फटक्यांनी तुटते, जसा माणूस एका पायरीने न दमता हजार पायऱ्यांनी दमतो.

पण रूपकाची दुसरी बाजू पाहा. दमलेला माणूस रात्रभर झोपला की ताजा होतो. धातूला रात्रभर काम दिले नाही, तरी त्यात पडलेली सूक्ष्म भेग बुजत नाही. दुसऱ्या दिवशी ती तिथूनच पुढे वाढते. शिवाय दमलेला माणूस दमल्याचे सांगतो, धापा टाकतो. धातूची भेग बराच काळ डोळ्यांना दिसतही नाही. १९५४ साली जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. चौकशीत तशाच एका विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर उड्डाणात पडतो तसा दाब पुन्हा पुन्हा देण्यात आला आणि प्रवासी कक्षाच्या पत्र्यात या ‘थकव्या’ने भेग पडत असल्याचे निष्पन्न झाले. हे अपघात शब्दामुळे घडले असे कोणी म्हणणार नाही. मात्र यंत्राची देखभाल करणाऱ्याने ‘थकवा’ या शब्दातून *साठत जाणे* घ्यायचे आणि *विश्रांतीने भरून येणे* सोडायचे, हे त्याला कोणीतरी शिकवलेले असावे लागते. ती शिकवण म्हणजेच उपमेतील साधारण धर्म ओळखणे.

‘क्लाउड’चेही तसेच. आकृत्यांमध्ये जाळ्याचा तपशील न दाखवता ढगाचे चित्र काढत, त्यातून हा शब्द रुळला. ढग म्हटले की हलके, वरचे, कोणाचेही नसलेले असे काही सुचते. ही झाली व्यंजना. प्रत्यक्षात तुमचा फोटो कुठल्यातरी इमारतीतल्या संगणकावर असतो. त्या इमारतीला वीज लागते, थंडावा लागतो आणि तिला मालक असतो.

८. अहवाल लिहिताना

प्रकल्प अहवालांत एक वाक्य वरचेवर भेटते : ‘आमचे मॉडेल डॉक्टरांसारखे निदान करते.’ तिसरा भाग आठवा. यात उपमेय आहे, उपमान आहे, साम्यवाचक शब्द आहे. ‘निदान करणे’ हा साधारण धर्म वरवर दिसतो, पण *कशात* सारखे? अचूकतेत? वेगात? रुग्णाला प्रश्न विचारण्यात? नेमके जे सांगायला हवे तेच गाळलेले आहे. ही लुप्तोपमा आहे. कवितेत गाळलेली जागा वाचकाला आनंद देते. अहवालात तीच जागा वाचक आपल्या आशेने भरतो, आणि मग कोणी खरोखरच डॉक्टरांकडे जायचे टाळतो.

दुरुस्त वाक्य असे होईल : ‘हे मॉडेल छातीच्या क्ष-किरण चित्रातील ठरावीक खुणा ओळखते. रुग्णाची विचारपूस, प्रत्यक्ष तपासणी आणि अंतिम निर्णय ही कामे ते करत नाही.’ वाक्य कमी आकर्षक झाले हे खरे, पण त्यावर विसंबता येते.

‘आमची प्रणाली समजते’, ‘विचार करते’, ‘चुकांमधून शिकते’ या वाक्यांवर हीच क्रिया करा. रूपक वापरूच नये असे मी म्हणत नाही; रूपकाशिवाय शिकवता येत नाही. मात्र अहवालात रूपक वापरले, तर त्याच्या पुढच्याच वाक्यात साधारण धर्म लिहा, आणि साम्य कुठे संपते तेही लिहा.

९. सारांश

- सरळ अर्थ अडला तर लक्षणा. न अडता आणखी सुचले तर व्यंजना.
- उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द हा अनेक अर्थालंकारांचा सांगाडा आहे.
- उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अपन्हुती, अतिशयोक्ती या क्रमाने उपमेय-उपमानांतील अंतर कमी होत जाते.
- खुणेच्या शब्दावरून अलंकार ठरवू नका. चार प्रश्न विचारा.
- कवितेत गाळलेला साधारण धर्म वाचकाने भरायचा. अहवालात तो लेखकाने लिहायचा.

१०. स्वाध्याय

१. पुढील वाक्यांतील अलंकार ओळखा. कोणता अवयव गाळला आहे तेही लिहा.
(क) ‘बोर्डाचा निकाल लागला आणि घरात दिवाळी आली.’
(ख) ‘ही बस नव्हे, चाकांवरचा बाजार आहे.’
(ग) ‘ठेकेदारांचे आभार मानावे तेवढे थोडे, एकाच पावसात त्यांनी रस्त्याखालची जुनी माती पुन्हा पाहायला दिली.’
(घ) ‘नवा पूल जुन्या पुलासारखा चौपदरी आहे.’

२. ‘पाऊस पडतोय’ हे वाक्य तीन वेगळ्या प्रसंगांत ठेवा आणि प्रत्येक वेळी निघणारा व्यंग्यार्थ लिहा.

३. ‘विषाणू’ हा शब्द संगणकाच्या संदर्भात वापरला जातो. साम्य कोणत्या बाबतींत आहे आणि कोणत्या बाबतींत नाही, याची दोन रकान्यांत नोंद करा.

४. आपल्या विषयाच्या पाठ्यपुस्तकातील कोणतेही एक पान घेऊन त्यातील रुळलेली रूपके अधोरेखित करा. त्यांतील एक निवडून, ते कोणत्या ठिकाणी दिशाभूल करू शकते, यावर दहा ओळी लिहा.

*उत्तरांची दिशा (प्रश्न १) :* (क) उपमेय म्हणजे आनंद. तो वाक्यात नाही, उपमानाने तो गिळला आहे, म्हणून अतिशयोक्ती. (ख) अपन्हुती, गर्दी आणि गलबला हा साधारण धर्म गाळला आहे. (ग) स्तुतीच्या रूपात निंदा, म्हणून व्याजस्तुती. उपमेचा सांगाडा इथे लागत नाही. (घ) अलंकार नाही. एकाच जातीच्या दोन वस्तूंची शब्दशः खरी तुलना.